लिनक्ससाठी वाय-फाय डोंगल घेताना चिप कशी तपासावी

डोंगलच्या खोक्यावर कंपनी, मॉडेल, वेग सगळे छापलेले असते. आतली चिप कोणती, ते बहुधा नसते. लिनक्सचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) मात्र चिप बघतो. त्यात एकाच मॉडेलच्या नव्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते. म्हणून मित्राकडे चालणारा डोंगल तुमच्याकडे चालेलच असे नाही.

वाशीला सेक्टर १७ मध्ये किंवा ठाणे स्टेशन परिसरात खरेदीला निघण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट चढवा आणि लॅपटॉप सोबत न्या. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. इन्स्टॉल काही करायचे नाही. पैसे देण्याआधीच विचारा, "दादा, दोन मिनिटं लावून बघू का?"

डोंगल लावून टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसयूएसबी' टाइप करा, इंग्रजी लहान अक्षरांत, सलग. प्रत्येक ओळीत कोलनने जोडलेला आयडी दिसतो : आधीची चार चिन्हे कंपनीची, नंतरची चार त्या वस्तूची. ०ई८डी म्हणजे मीडियाटेक, ०बीडीए म्हणजे रियलटेक. काही कंपन्या स्वतःचा क्रमांक टाकतात, जसा टीपी-लिंकचा २३५७. तेव्हा पूर्ण आयडी नेटवर शोधूनच चिप कळते.

चार पैसे जास्त गेले तरी मीडियाटेक घ्या. त्यांची एमटी७६१२यू चिप कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ पासून आणि एमटी७९२१एयू ५.१८ पासून वेगळ्या ड्रायव्हरविना चालते. रियलटेकच्या आरटीएल८८२१सीयूला ही सोय ६.२ पासून मिळाली. आपल्या कर्नलची आवृत्ती 'युनेम -आर' (uname -r) हा आदेश सांगतो.

आयडी ०बीडीए:१ए२बी दिसला तर डोंगल बिघडलेला नाही. तो विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी असल्याचे भासवतो आहे. फाइल मॅनेजरमधून ती 'इजेक्ट' करा, मग खरा आयडी येतो.

बाहेरून आणलेला ड्रायव्हर शक्यतो टाळाच. कर्नल अपडेट झाला की तो नव्याने बांधावा लागतो, आणि नव्या कर्नलशी जुळला नाही तर वाय-फाय गायब. सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला असेल, तर रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच द्या. घाईत तिथे 'कंटिन्यू बूट' दाबले जाते आणि सगळे अडते.

मदत मागताना नुसते "वाय-फाय चालत नाही" लिहू नका. आयडी, कर्नलची आवृत्ती आणि डोंगल लावल्यावर 'सुडो डीएमईएसजी' (sudo dmesg) या आदेशाने दाखवलेल्या शेवटच्या वीसेक ओळी द्या. एवढ्यावर जाणकार बहुतेक दोष ओळखतो. तोवर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देणे) सुरू करा, त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.