ट्रॅक डेसाठी एअर की कॉइलओव्हर: तयारीची यादी, आणि अलाइनमेंट विसरू नका

मागच्या वेळी पोलोला नवे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर) बसवले, महिनाभर पुण्यात फिरवली आणि तशीच ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला घेऊन गेलो. सकाळी गाडी तपासणाऱ्याने पुढच्या डाव्या टायरच्या मागे हात घातला, आतल्या कडेवरून बोटं फिरवली आणि मला म्हणाला, तुम्हीच हात लावून बघा. तारा लागल्या हाताला. बाहेरून टायरची नक्षी शाबूत, आतून दोन बोटं रुंदीचा पट्टा सोलून निघालेला. सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळुरू, सेलम करत अकराशेच्या वर किलोमीटर गेलो आणि एकही लॅप न मारता दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या बघत उभा राहिलो, कारण गाडी खाली केल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) केली नव्हती. बाकी सगळं केलं होतं, हेच राहिलं.

तर आधी एअर (स्प्रिंगच्या जागी हवेच्या बॅगा) की कॉइलओव्हर ते ठरवा. ट्रॅकसाठी माझं उत्तर कॉइलओव्हर. लोक वजनाचं कारण देतात, कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह मिळून डिकीत वीसेक किलो वाढतात वगैरे, ते खरं आहे पण स्टेपनी काढली की बरंचसं भरून निघतं. खरी अडचण वेगळी आहे. एअर बॅगमध्ये उंची आणि कडकपणा दोन्ही एकाच हवेवर चालतात. गाडी वर घ्यायला हवा भरली की ती कडकही होते, खाली घेतली की मऊ होते आणि त्याच वेळी बम्प स्टॉपही (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणारं रबर) जवळ येतो, म्हणजे जिथे चाकाला वर जायला जागा कमी उरलीय नेमकी तिथेच स्प्रिंग मऊ. कॉइलओव्हरची रिंग फिरवून उंची बदलली तरी स्प्रिंगचा रेट तोच राहतो. आणि उंची हलली की टो (वरून बघताना चाक आत वळलंय की बाहेर) हलतो, कॅम्बर (समोरून बघताना चाक किती कललंय) हलतो. अलाइनमेंट एकाच उंचीची असते हे डोक्यात पक्कं बसवा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

एअर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. शिवनेरी आयुष्यभर हवेवरच चालते. माझ्या मित्राच्या सोसायटीचा बेसमेंट रॅम्प असा उभा आहे की खाली केलेली गाडी रोज घासणार, त्याच्याकडे गाडी एकच, ट्रॅक वर्षातून दोनदा, त्याने एअर घेतलं आणि बरोबर केलं. पण मग नुसत्या प्रेशरवर चालणारा कंट्रोलर घेऊ नका, उंचीचे सेन्सर असलेला घ्या. एअर लिफ्ट कंपनीच्या थ्री-पी (नुसतं प्रेशर) आणि थ्री-एच (उंचीचे सेन्सर) कंट्रोलरमधला फरक हाच. टाकी भरलेली असो, शेजारी कोणी बसलेलं असो, गाडी तापलेली असो, सेन्सर असेल तर उंची परत तिथेच येते. ट्रॅकची एक उंची ठरवून मेमरीत टाका आणि त्याच उंचीला अलाइनमेंट करा, पार्किंगमध्ये बसवून दाखवायच्या उंचीला नाही. जोडांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे येतात का बघा, एक रात्र उभी ठेवा, सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला तर ट्रॅकवर नेऊ नका.

कॉइलओव्हर घेताना पहिल्या वर्षी फार स्क्रू असलेले नकोत. बिल्स्टाइनच्या बी-१४ ला फक्त उंची बदलता येते, केडब्ल्यूच्या व्हेरियंट १ लाही फक्त उंची, २ ला रिबाउंड (उसळून परत येण्याचा वेग), ३ ला कम्प्रेशनसुद्धा (दबण्याचा वेग). दोन्ही स्क्रू फिरवायला लागलात की गाडीचं वागणं कशामुळे बदललं तेच कळत नाही. बीसी रेसिंगच्या कॉइलओव्हरला कडकपणाचे ३० क्लिक असतात, मधून सुरू करा, एका वेळी दोनच क्लिक, एका वेळी पुढे किंवा मागे, आणि वहीत लिहा. पोलोसारख्या गाडीत मागे डॅम्पर (शॉकॲब्सॉर्बर) वेगळा आणि स्प्रिंग वेगळी असते, त्यामुळे मागची उंची स्प्रिंगच्या बुडाशी असलेल्या ॲडजस्टरवर, तो आतून गंजतो, ग्रीस लावा.

किती खाली करायची? २५ मिलिमीटर, फार तर ३०. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (पोलोचं पुढचं सस्पेन्शन हेच) लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, आडवा होऊन वर उलटा झाला की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलंडते) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि गाडी उलट जास्त कलंडते. दिसायला भारी, वळणात ढिली. उंची जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा कमीजास्त असते. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, चारही कोपरे, आणि लिहून ठेवा.

बसवताना लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायला सांगा, लिफ्टवर हवेत लटकताना नाही, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. लॉक रिंग आवळल्यावर पेंट मार्करने रिंग आणि बॉडीवर एकच आडवी रेघ मारा, रेघ तुटली की रिंग सरकली. रिंग फिरवायचा सी-स्पॅनर गाडीतच ठेवा.

आता अलाइनमेंट. बसवल्याच्या दिवशी करून भागत नाही, स्प्रिंग आणि बुश बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. मग परत उंची मोजा, कोपरे सारखे करा, आणि मग अलाइनमेंट. बसवल्याच्या दिवशी टो तरी बरोबर करून घ्या म्हणजे त्या तीनशेत टायर जाणार नाही. ज्याच्याकडे कॉइलओव्हर बसवले तो मला म्हणाला होता, गाडी सरळ चालतेय ना, मग कशाला. गाडी सरळच चालत होती. दोन्ही चाकं सारखी बाहेर उघडली असली की गाडी सरळच चालते आणि दोन्ही टायर आतून खाते. स्टिअरिंग सोडून बघितलं म्हणजे अलाइनमेंट तपासली असं होत नाही. मशीनवर घाला, अर्धी टाकी पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाचा माणूस बसवा, स्टिअरिंग लॉक करा, पुढचा टो शून्याजवळ, आणि प्रिंटआउट घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅम्बर प्लेट (कॅम्बर बदलता येणाऱ्या वरच्या प्लेट) असतील तर आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलवला की टो परत हलतो. उंची एका वळशानेही बदलली तरी परत अलाइनमेंट. एअर असो, कॉइलओव्हर असो, अलाइनमेंट. आणि दर दोनशे किलोमीटरला चाक पूर्ण वळवून आतल्या कडेला हात लावा, नुसतं बघू नका, हात लावा.

डॅम्परच्या रॉडवर एक बारीक केबल टाय बांधा, लॅपनंतर ती कुठे सरकली ते बघा. बम्प स्टॉपला भिडली असेल तर उंची वाढवा, क्लिक वाढवून उपयोग नाही. आणि उंची वाढवली म्हणजे, हो, अलाइनमेंट.

बाकी पटपट. ब्रेक फ्लुइड नवीन. पॅड निम्म्यापेक्षा जास्त. चाकांचे बोल्ट पोलोला १२० न्यूटन मीटर, पहिल्या सेशननंतर परत तपासा. टो हुक (गाडी ओढायचा हुक) घरी लावून बघा. हेल्मेट, बंद बूट, पाणी. डिकीतलं सगळं बाहेर. प्रेशर गेज स्वतःचा, हवा गरम टायरला मोजून कमी करायची आणि घरी निघताना परत भरायची. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला कव्हर नसतं, ते समजून जा. परत निघताना चारही कोपरे मोजा, वहीशी जुळवा, पाच मिलिमीटरचा फरक दिसला तर घाई करू नका, वाटेत पहिल्या मोठ्या गावात मशीन शोधा.