लाखेची तबकडी धुताना स्पिरिटला हात लावू नका

नाट्यपदांच्या आणि ख्यालांच्या मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या हव्या असतील तर मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि नातेवाइकांचे माळे पालथे घाला. तबकडी उन्हात तिरकी धरून बघा. वरवरचे ओरखडे चालतात. चर करडे, पांढुरके दिसले तर ते झिजलेल्या पिनांनी खाल्लेले आहेत. मग ती बालगंधर्वांची का असेना, घेऊ नका.

आता धुणं. इथेच सगळ्यात जास्त वाटोळं होतं. ‘स्पिरिटने पुसा, चकाचक होईल’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. ७८ची तबकडी लाखेची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच भिजत घालतो, ते आठवा.

हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी मी अशीच घालवली. विकणाऱ्याने सांगितलं म्हणून स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवला. बोळा काळा-तपकिरी झाला. मळ निघतोय म्हणून मी खूश, आणि तिसऱ्यांदा फिरवला! वाळल्यावर तेवढ्या पट्ट्याची चकाकी गेली होती. आजही पिन तिथे पोचली की हिराबाईंच्या आवाजावर खरखर चढते.

म्हणून आधी ओळखा. लाखेची तबकडी जड, ताठ, पडली तर काचेसारखी फुटणारी. एलपी, म्हणजे नंतर आलेली प्लॅस्टिकची तबकडी, हलकी, किंचित लवणारी. लाखेची असेल तर लिटरभर गार डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, बस्स. गरम पाणी नको, भिजत ठेवणं तर नकोच. तडा असेल तिथे पाणी लावू नका. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. राग, गायिका, क्रमांक सगळं त्या कागदावरच आहे. लहान मुलांचा मऊ टूथब्रश चरांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीही नाही. साध्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून लगेच जुन्या सुती कापडाने टिपून घ्या. मग ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवलीत तर वाकडी होईल.

वाजवताना एलपीची पिन लावू नका. तिच्या टोकाची त्रिज्या साधारण इंचाच्या हजाराव्या भागाएवढी, ७८च्या पिनेची तिच्या तिप्पट. बारीक पिन रुंद चराच्या तळाशी घसरते आणि तिथली घाण वाजवते. चावीच्या ग्रामोफोनवर लोखंडी पिन दर बाजूला नवी.

भोंग्यात गाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या, म्हणजे साधारण १९२५च्या आधीच्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ असेलच असं नाही. आवाज चिरका लागला तर वेग थोडा उतरवून बघा.

ठेवायच्या उभ्या, कागदी पाकिटात. प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्यात दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते.