झोप इंग्रजीत ‘येत’ नाही

एकदा सकाळच्या कॉलवर मी साहेबांना म्हणाले, ‘आय स्लेप्ट लेट’. सांगायचं होतं की रात्री दोनपर्यंत काम करत बसले होते. त्यांना कळलं ते असं, की बाई उशिरापर्यंत लोळत होत्या. ‘स्लीप लेट’चा रूढ अर्थच उशिरा उठणं. ‘आय वेन्ट टू बेड लेट’ म्हणायला हवं होतं, किंवा सरळ जागरण: ‘आय स्टेड अप लेट’.

त्या दिवशी वहीतलं एक आख्खं पान ‘स्लीप’ला दिलं.

घोळ मुळात कर्त्याचा आहे. मराठीत बहुतेक सगळं झोपच करते. ती येते, लागते, चाळवते, मोडते, उडते. आपण नुसते तिची वाट बघत पडलेले. इंग्रजीत बहुतेक वेळा माणसाला पुढे यावं लागतं. म्हणून ‘स्लीप इज कमिंग’ नको, ‘आय ॲम फीलिंग स्लीपी’. झोप लागली, ‘आय फेल अस्लीप’. बसल्या जागी डोळा लागला तर ‘डोझ्ड ऑफ’. झोपमोड झाली तर ज्याने केली त्याचं नाव घ्या: ‘द फोन वोक मी अप’. मग पुन्हा डोळा लागेना, ‘आय कुडन्ट गेट बॅक टू स्लीप’.

गाढ झोप ‘डीप स्लीप’, पण गाढ झोपलेला माणूस ‘डीप अस्लीप’ नसतो. तो ‘साउंड अस्लीप’ किंवा ‘फास्ट अस्लीप’. या ‘फास्ट’चा वेगाशी संबंध नाही. तो घट्ट या अर्थाचा जुना शब्द, सीटबेल्ट ‘फासन’ करतो त्यातलाच. जरा खुट्ट झालं की जागा होणारा, ‘लाइट स्लीपर’.

वहीत सुटा शब्द कधीच लिहू नका. क्रियापदासकट, मागच्या ‘ऑफ’, ‘अप’, ‘ओव्हर’सकट लिहा आणि खाली आदल्या रात्रीचं स्वतःचं खरं वाक्य. अडलं तर शब्दकोशात अर्थ नका बघू, उदाहरणं वाचा. ‘स्लीप’च्या आधी कोण उभं आहे ते बघा. मला असंच कळलं की ‘नॅप’ला ‘टेक’ चालतं, ‘स्लीप’ला नाही. झोप आपण मराठीत खुशाल घेतो, म्हणून हात तिकडेच जातो. तिथे ‘गेट’ हवं.

कालची माझी नोंद: ‘आय गॉट फाइव्ह अवर्स ऑफ स्लीप’. त्यातही दोनदा ‘वोक अप’.