पवनचक्कीचा ट्रान्सफॉर्मर डिझाईनला घेण्याआधी

पवनचक्कीच्या ट्रान्सफॉर्मरची एन्क्वायरी आली की आपल्याकडं कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बरेच जण नेहमीच्या डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरचं डिझाईन उघडतात, त्यात ६९० व्होल्ट आणि ३३ केव्ही टाकतात, केव्हीए बदलतात आणि रेट पाठवून मोकळे होतात. असं करू नका, कळकळीनं सांगतोय. गावातल्या डीपीवर लोड कधी चढणार, कधी उतरणार याचा अंदाज असतो, इथं वारा सुटला की काही मिनिटांत फुल लोड आणि पडला की जवळजवळ शून्य, असं दिवसातनं कितीतरी वेळा.

तर पहिलं काम म्हणजे गिऱ्हाईकाला फोन लावून जनरेटर कुठला ते विचारायचं. डीएफआयजी (डबली-फेड इंडक्शन जनरेटर) असेल तर कन्व्हर्टरमधनं, म्हणजे वीज इलेक्ट्रॉनिक्सनं बदलणाऱ्या युनिटमधनं, साधारण तीसेक टक्केच पॉवर जाते, फुल कन्व्हर्टर असेल तर सगळीच. हार्मोनिक करंटचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीच्या जादा करंटचा, तक्ता लेखी घ्या, "नॉर्मल आहे हो" यावर विश्वास ठेवू नका, कारण वाईंडिंगमधला एडी लॉस (तारेतच फिरणाऱ्या भोवरा करंटनं होणारी उष्णता) फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकचा एक अँपिअर ५० हर्ट्झच्या एका अँपिअरच्या २५ पट एडी लॉस करतो. मीटरवर करंट रेटिंगच्या आत दिसतो आणि आत हॉटस्पॉट, म्हणजे वाईंडिंगची सगळ्यात गरम जागा, चढलेला असतो. साध्या क्राफ्ट पेपरचा हिशोब ९८ डिग्रीला धरतात, त्याच्या वर दर ६ डिग्रीला पेपर म्हातारा व्हायचा वेग दुप्पट. हीट रन टेस्टला (ट्रान्सफॉर्मर किती तापतो ते बघायच्या टेस्टला) हा जादाचा लॉस धरूनच करंट सोडायचा.

मग साईट. साताऱ्याकडचं वनकुसवड्याचं पवनचक्क्यांचं पठार हजार मीटरच्या वर आहे, आणि ओएनएएन (पंप-पंखा नसलेल्या, तेल आणि हवेनं आपोआप गार होणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरला हजारच्या वर दर ४०० मीटरला टेम्परेचर राईजमधनं एक डिग्री कमी धरायची, बाहेरचं हवेतलं क्लिअरन्स दर १०० मीटरला एक टक्का वाढवायचं. आकडे किरकोळ आहेत पण ड्रॉइंग झाल्यावर आठवले तर टाकीच बदलावी लागते.

आता क्लॅम्पिंग, म्हणजे वाईंडिंग दाबून घट्ट धरणं, इथं मी जरा जास्त बोलणार. आमच्याकडं पठारावरचा एक ट्रान्सफॉर्मर रिपेअरला आला होता, टाकीतनं ॲक्टिव्ह पार्ट (कोअर आणि वाईंडिंग) वर काढला, तेल निथळू दिलं आणि वाईंडिंगच्या खालच्या प्रेसबोर्ड ब्लॉकला बोट लावलं तर तो हलला. एलव्ही (कमी व्होल्टेजच्या बाजूच्या) फॉईलच्या जॉईंटचा बोल्ट हातानं फिरत होता, वॉशरखाली काळं पडलेलं. गरम-गार, गरम-गार होऊन सगळं सैल झालेलं, अशात बाहेर शॉर्ट सर्किट झालं असतं तर कॉईल जागेवर राहिली नसती. तेव्हापासून ब्लॉक आधी नीट वाळवून दाबून घेणं, ओव्हनमधनं काढल्यावर परत टाईट करणं आणि एलव्ही जॉईंटला स्प्रिंग वॉशर, या तीन गोष्टींवर टिक केल्याशिवाय मी टाकी बंद करू देत नाही.

एलव्ही आणि एचव्ही (जास्त व्होल्टेजच्या) वाईंडिंगच्या मधे अर्थ केलेली शील्ड द्या, कन्व्हर्टरचे खडे पल्स पलीकडं जाऊ नयेत म्हणून. ३३ केव्हीला व्हॅक्यूम ब्रेकर असेल तर केबल किती लांब आहे ते विचारा, स्विचिंगच्या सर्जनं वाईंडिंगचे पहिले टर्न मार खातात, तिथं जादा इन्सुलेशन आणि गरज असेल तर आरसी स्नबर (सर्ज मवाळ करणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी). कोअरमधे काटकसर करू नका, वारा नसला तरी ग्रिडवरनं तो चोवीस तास चार्ज असतो आणि नो-लोड लॉसचं (लोड नसतानाही कोअरमधे जाणाऱ्या विजेचं) बिल गिऱ्हाईक वर्षभर भरतो. आयईसी ६००७६-१६ हे स्टँडर्ड खास पवनचक्कीच्या ट्रान्सफॉर्मरसाठीच आहे, कोटेशनच्या आधी एकदा वाचाच.

पावसाळ्याचं वेगळं बघा. आपल्याकडं वाऱ्याचा सीझन तोच, जून ते ऑगस्ट, म्हणजे सगळ्यात जास्त लोड आणि सगळ्यात ओली हवा एकदमच. लोड पडला की तेल आकसतं आणि ब्रीदरमधनं (टाकीला हवा घ्यायच्या नळीवरच्या डब्यातनं) हवा आत ओढतं, त्यामुळं त्यातलं ओल शोषणारं सिलिका जेल नेहमीपेक्षा लवकर गुलाबी होतं, ब्रीदर मोठा द्या नाहीतर सरळ सील्ड टाकी करा, पण मग पन्हाळी फिनच्या वेल्डिंगवर ताण येतो तो हिशोबात घ्या.

गाडीत चढवायच्या आधी तेलाचं डीजीए सॅम्पल (तेलात विरघळलेले वायू तपासायचं) काढून रिपोर्ट जपून ठेवा, आणि पहिला पावसाळा संपल्यावर दुसरं सॅम्पल मागवा, त्यात हायड्रोजन किती वाढलाय ते आधी बघायचं.