कंट्रोलर ताडून बघायचेत? आधी केबल शोधा

दिवाळीनंतरच्या एका रविवारी इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात गेम खेळायचे दोन महागडे कंट्रोलर एका टेबलावर आले. मामेभावाचा सोनीचा ड्युअलसेन्स एज आणि मित्राचा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स एलिट सिरीज 2. संध्याकाळी सहापर्यंत दोन्ही माझ्या ताब्यात. खेळून बघायचं, एक ठरवायचा, सोमवारी पैसे मोजायचे. एवढं सरळ काम मी एका तारेपायी नासवलं. तीही दाढीच्या ट्रिमरची तार. तुम्ही असा बेत आखत असाल तर आधी हे वाचा.

पहिलं काम म्हणजे मशीन कुठलं ते ठरवणं. एलिट 2 एक्सबॉक्सवर आणि पीसीवर चालतो, एज पीएस5 वर (म्हणजे प्लेस्टेशन 5) आणि पीसीवर. एकाने दुसऱ्याच्या कन्सोलवर पीएस5 किंवा एक्सबॉक्सचे गेम खेळता येत नाहीत. मधे लावायचे अडॅप्टर मिळतात, पण एवढे पैसे घालून जुगाड कशाला? शिवाय नोव्हेंबर 2023 पासून मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेले असले कंट्रोलर-अडॅप्टर एक्सबॉक्सवर अडवायला सुरुवात केली आहे. आज चाललेलं उद्या चालेलच असं नाही. घरात दोन्ही कन्सोल असतील तर जो जास्त वापरता त्याचं बघा, पीसी कुणालाही घरात घेतो.

दुसरं काम केबल. डेटा केबल. नुसती टाइप-सी नाही, डेटा वाहून नेणारी टाइप-सी. ट्रिमर, मच्छर मारायची रॅकेट, गळ्यातला पंखा, यांच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच तारांमधून फक्त वीज जाते. दिसायला सारख्याच. कंट्रोलरला लावल्या की दिवा लागतो, चार्जिंग होतं, आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पीसीला मात्र काही जोडलंय याचा पत्ताच नसतो.

माझं असंच झालं. दोघांनी आपापले कंट्रोलर पाऊचमधून आणले, खोके घरी. मामेभावाने फोनवर विचारलं होतं, "केबल आहे ना रे?" मी ऐटीत म्हटलं, "ढिगाने आहेत भिया." (इंदूरात भावाला भिया.) ड्रॉवरमध्ये सात निघाल्या. सगळ्यात वरची पांढरी, बारीक, सुतळीसारखी, ती लावली. एजचा दिवा नारिंगी झाला आणि विंडोज ढिम्म. मी दुसरी तार लावून बघायला हवी होती. त्याऐवजी "पीसीला हे झेपत नसणार" असा निकाल देऊन ब्लूटूथवर खेळलो, आणि तिथेच सगळा दिवस वाया गेला.

कारण ड्युअलसेन्सची खरी किंमत ज्याची मोजायची ते, म्हणजे बोटाखाली घट्ट होणारा ट्रिगर आणि बारीक थरथर, पीसीवर बऱ्याच गेम्समध्ये तारेवरच मिळतं. ‘रिटर्नल’मध्ये डावा ट्रिगर अर्धा दाबला तर नेम लागतो, तिथे बोटाला अडसर जाणवतो, आणि तो ओलांडून पूर्ण दाबला की दुसरं हत्यार सुटतं. मला ब्लूटूथवर अडसर जाणवलाच नाही. ट्रिगर ढिला पडलेल्या दाराच्या कडीसारखा लागला. "नुसती जाहिरातबाजी," असं मी मामेभावाला तोंडावर सांगितलं आणि एलिट घेऊन मोकळा झालो. तीन आठवड्यांनी त्याच्याकडे तोच गेम तारेवर खेळलो तेव्हा बोट अर्ध्यात अडकलं. माझ्या तोंडाकडे बघून वहिनी हसायला लागल्या.

म्हणून आदल्या रात्रीच तार तपासा. फोनला लावून पीसीला जोडा, फाईल्स पाठवायचा पर्याय आला तर तार कामाची. नाही आला तर ट्रिमरकडे परत. कामाच्या तारेला खूण करा. आमच्या वहिनींनी पूजेतला लाल दोरा बांधून दिलाय, तो अजून आहे. दोन कंट्रोलर असतील तर दोन तारा. ज्याच्याकडून कंट्रोलर आणाल त्याला सांगा, खोक्यासकट आण. एजच्या खोक्यात 2.8 मीटरची विणीव तार येते, तिच्या टोकाला सॉकेटवर बसणारं कुलूप असतं, ओढली तरी निसटत नाही. एलिटसोबतही चांगली लांब तार येते. खोकं म्हणजे तार, हे समीकरण डोक्यात ठेवा.

मग अपडेट. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरचं अपडेट पीसीवरून करायचं तर तारेनेच होतं. (कुठली तार? बरोबर.) एलिटसाठी एक्सबॉक्स ॲक्सेसरीज ॲप आधीच उतरवून ठेवा, मागच्या पट्ट्या, म्हणजे पाठीवरची जादा बटणं, कुठल्या बटणाला बांधायच्या ते त्यात ठरतं. रविवारी सकाळी पाहुणे बसलेत आणि तुम्ही डाउनलोडची टक्केवारी मोजताय, हे नको. कंट्रोलर दुसऱ्याचा असेल तर त्याची जुनी मांडणीही बघून घ्या. मित्राने एका पट्टीवर उडी आणि दुसरीवर बंदूक भरणं ठेवलं होतं. मी अर्धा तास विनाकारण उड्या मारत होतो.

हेडफोन कंट्रोलरला लावून ऐकायची सवय असेल तर तेही लक्षात असू द्या. एलिट पीसीला ब्लूटूथने जोडला की त्याच्या जॅकमधून आवाज येत नाही. तार लावा किंवा एक्सबॉक्सचा वायरलेस अडॅप्टर घ्या. "जॅक खराब आहे" म्हणून मित्राशी भांडू नका. मी भांडलो.

पोहे आधी खा, कंट्रोलर नंतर हातात घ्या. रविवार आहे, इंदूर आहे, पोहे-जलेबी येणारच. पण पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावण मसाल्याची पिवळट पूड एलिटच्या खरबरीत रबरात बसली की टूथब्रशनेही निघत नाही, आणि जलेबीच्या पाकाचं तर विचारूच नका. हात साबणाने. पुसून नाही, धुऊन.

आता खेळताना काय बघायचं. बसल्या बसल्या दोन मिनिटं दाबून काही कळत नाही. एकच गेम, एकच टप्पा, दोन्ही कंट्रोलरवर निदान चाळीस मिनिटं. एलिट 345 ग्रॅमचा आहे. पहिल्यांदा हातात घेतला की दणकट वाटतो, तासाभराने मनगट आपलं मत सांगतं. अंगठ्याने फिरवायच्या काठ्यांची (स्टिकची) जागाही वेगळी. एलिटमध्ये डावी काठी वर आणि उजवी खाली, एजमध्ये दोन्ही खाली शेजारी. वर्षानुवर्षं एकाची सवय असलेल्याला दुसरा पहिल्या दिवशी वाईटच वाटणार, तेव्हा तेवढ्यावरून निकाल देऊ नका. मागे एलिटला चार पट्ट्या, एजला दोन. मी चारपैकी दोनच वापरतो, बाकी दोन काढून डबीत ठेवल्यात.

ट्रिगरची कुलपं, म्हणजे तो किती खोल दाबायचा ते ठरवणारे खटके, दोन्हीकडे आहेत. बंदुकीच्या खेळात ट्रिगर छोटा केला की पटकन सुटतो, पण तसाच ठेवून गाडीच्या खेळात गेलात तर ॲक्सिलरेटर घराच्या स्विचसारखा होतो, चालू नाहीतर बंद. तुलना करताना दोन्ही पूर्ण खोलीवर ठेवा.

काठ्यांकडे नीट बघा, कारण महाग कंट्रोलर मरतात ते इथेच. या दोघांतही काठीच्या आत ती किती झुकली ते मोजणारा जुन्या पद्धतीचा पोटेन्शियोमीटर आहे. त्याच्या आतल्या पट्टीवर संपर्क घासत राहतो, पट्टी झिजते, आणि हात न लावता पात्र चालायला लागतं. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्टच्या काठ्यांत ही घासाघासी नसते, आणि त्या याच्या कितीतरी कमी किमतीच्या कंट्रोलरमध्येही मिळतात. याचा राग येतो, यायलाच हवा. एजचं एक बरं आहे, त्याची काठी अख्खी उपसून नवी बसवता येते, 2023 मध्ये तो बाजारात आला तेव्हा अमेरिकेत सुटा भाग 19.99 डॉलरला होता. एलिटला ती सोय नाही. उधार आणलेला कंट्रोलर वापरलेला असतो, म्हणून विंडोजमध्ये गेम कंट्रोलरच्या खिडकीत काठीचा ठिपका बघा. हात सोडल्यावर ठिपका सरकत असेल तर तो त्या एका कंट्रोलरचा रोग आहे, मॉडेलचा असेलच असं नाही. हे बघतानाही तार लावलेली असू द्या.

बॅटरीचं थोडक्यात. एलिटला कंपनी 40 तासांपर्यंत सांगते. एजची 1050 एमएएच, साध्या ड्युअलसेन्सच्या 1560 पेक्षाही कमी, त्यामुळे तो वारंवार तारेवरच राहतो. म्हणजे पुन्हा तार.

सोनीच्या परवान्याचे इतर कंपन्यांचे पीएस5 कंट्रोलर, व्हिक्ट्रिक्स किंवा नेकॉनचे, बघायचे तर बघा, पण त्यांत ड्युअलसेन्सचे घट्ट होणारे ट्रिगर नाहीत. आणि त्यांचा डोंगल, म्हणजे कन्सोलला लावायचा छोटा रिसीव्हर, हरवला की वायरलेस संपलं.

खरेदी: पक्कं बिल, भारतातली वॉरंटी, खोकं उघडतानाचा व्हिडिओ. परदेशातून कुणी आणून देत असेल तर दुरुस्तीला तो परदेशातच पाठवावा लागेल का, हे आधी विचारा. इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत फिरून या, भाव कळतो. दुकानात हातात देत असतील तर जोडून दाखवायला सांगा. तार घरून न्या, लाल दोऱ्याची.