हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप? या चुका टाळा

लॉची आणि एमएसडब्ल्यूची (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची) मुलं संस्थेत आली, की पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती माहिती अधिकाराचा अर्ज पडतो. सर्वात जास्त घोळही तिथेच होतात.

पहिला घोळ म्हणजे ‘का?’ विचारणं. ‘अंगणवाडीत आहार वेळेवर का येत नाही?’ असं लिहिलंत तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ एवढ्या एका ओळीवर तुमची बोळवण होते. कायदा मिळवून देतो तो कागद, खुलासा नव्हे. म्हणून कागदच मागा: ‘एप्रिल 2024 ते मार्च 2025 या काळातील अमुक अंगणवाडीच्या आहार साठा नोंदवहीची छायाप्रत.’ शिवाय महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा. रेशन, रस्ता आणि शाळा एकाच अर्जात कोंबू नका.

दुसरा घोळ जास्त महाग पडतो, आणि तो तारखांचा आहे. अधिकाऱ्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. तुमची इंटर्नशिप सहा आठवड्यांची. तिसऱ्या आठवड्यात अर्ज टाकलात, तर उत्तर यायच्या आत तुम्ही कॉलेजला परत गेलेले असता. त्यात अर्ज तुमच्या नावाने आणि पत्ता हॉस्टेलचा असेल, तर उत्तराचं पाकीट सुट्टीत बंद असलेल्या खोलीच्या दाराशी पडून राहतं. अपील करायचं तर अर्जदार तुम्हीच, त्यामुळे सहीसुद्धा तुमचीच लागते. माहिती मागण्याचा हक्क नागरिकाला आहे, म्हणून निव्वळ संस्थेच्या नावाने अर्ज करू नका, तो नाकारला जाऊ शकतो. अर्जदार गावातला किंवा संस्थेत कायम असणारा माणूस असू द्या, अर्थात त्याला सगळं नीट समजावून आणि त्याच्या राजीखुशीने.

अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलायचं नाही. ‘साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा’ म्हणतील. ठेवा, पण पोच घेऊन.

अडलंच तर? ‘हा विषय आमच्या कार्यालयाचा नाही’ म्हणत असतील, तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(3) दाखवा. अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं ही त्यांची जबाबदारी आहे. मुदत उलटूनही उत्तर नाही? पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नव्याने अर्ज करत बसू नका, दिवस फुकट जातात.

फील्डवर लोक बोलत नाहीत, ही तक्रार नेहमीची. सकाळी अकराला वस्तीवर गेलात तर बोलायला असणार कोण? सगळे मजुरीला गेलेले असतात. संध्याकाळी जा, कार्यकर्तीला सोबत घ्या, आणि फॉर्म पिशवीतून लगेच बाहेर काढू नका.

फोटोंचं मात्र गमतीवारी नेऊ नका. अत्याचाराच्या केसमधल्या मुलाची ओळख उघड करणं पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 23 खाली गुन्हा आहे. चेहरा झाकलात आणि मागे शाळेची पाटी दिसतेय, तरी ओळख पटतेच. व्हॉट्सॲप स्टेटसलाही हेच लागू.

कॉलेजचा रिपोर्ट शेवटच्या दोन दिवसांत होतो, त्याची फार चिंता नको. त्याआधी चालू कामांची एक यादी करा: कोणाचा अर्ज, कुठे दिला, आवक क्रमांक, अपिलाची शेवटची तारीख, मूळ पोच कोणत्या फाईलमध्ये. ती यादी कार्यकर्तीच्या हातात द्या, नुसती ईमेलवर टाकून मोकळे होऊ नका.