सर्व्हायव्हलचं पुस्तक सॅकमध्ये टाकून डोंगरात निघताय? या चुका टाळा

पाऊस ओसरला की साताऱ्यात दरवर्षी नवी पोरं डोंगराला लागतात. पायात कोरे बूट, कमरेला चाकू आणि मोबाईलमध्ये चारशे पानांचं इंग्रजी सर्व्हायव्हल मॅन्युअल. अजिंक्यताऱ्यावर जाताना दोनदा बसणारा गडी मला बर्फात गुहा कशी खणायची ते समजावतो. वासोट्यावर शेवटचा बर्फ कधी पडला होता, असं विचारलं की मग विषय बदलतो.

पुस्तकं वाईट नाहीत. माझ्या कपाटात तीन आहेत आणि तिन्हींचे कोपरे दुमडून काळे झालेत. पण ती कशी वाचायची हे कुणी सांगत नाही. त्यामुळे त्याच त्या चुका मी वीसेक वर्षं बघतोय, आणि खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय.

"वाट चुकलात तर पाणी धरून खाली जा"

ही सगळ्यात घातक चूक. बहुतेक पुस्तकांत हे वाक्य कुठे ना कुठे असतंच: ओढा नदीला मिळतो, नदीकाठी गाव असतं, म्हणून ओढा धरा. जिथे डोंगर हळूहळू उतरत जातात तिथे ते खरं असेल. सह्याद्रीची घडणच निराळी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. कठीण थर उभा कडा होऊन राहिला, मऊ थर झिजून त्याखाली उतार झाला. म्हणजे डोंगर नाही, जिना आहे. ओढा त्या जिन्यावरून चालत उतरत नाही, प्रत्येक पायरीवरून खाली कोसळतो.

मी हे पुस्तकात शिकलो नाही. एका ऑक्टोबरात आम्ही तिघं कोकणात उतरणारी एक जुनी घाटवाट शोधत होतो. कारवीच्या दाट झुडपांत वाट हरवली, साडेचार वाजले. आमच्यातल्या एकाने नुकतंच पुस्तक वाचलं होतं. "पाणी धरू, तासाभरात गाव," म्हणाला. मलाही ते पटलं, हे कबूल करतो. पहिला टप्पा गवताला धरून उतरलो. दुसरा ढुंगणावर घसरून. तिसऱ्याला दहा-बारा फूट शेवाळलेला कातळ होता, तिथे सॅक आधी खाली सोडल्या आणि मग आम्ही. चौथ्या टप्प्याला पाणी पुढे गेलं आणि दिसेनासं झालं. वाकून बघितलं तर खाली झाडांचे शेंडे. मागे वळलो, तर ज्या कातळावरून घसरत आलो त्यावर चढता येईना.

रात्र त्या घळीतच काढली. तिघांत एक बॅटरी, अर्धा पुडा बिस्किटं आणि त्या पुस्तकवाल्याचं तोंड बंद. सकाळी शिट्ट्या मारमारून घसा कोरडा पडल्यावर वरच्या अंगाला गुरांच्या घंटा ऐकू आल्या. धनगरवाड्यावरचे एक मामा कडेच्या कारवीतून कोयत्याने वाट करत खाली आले, आम्हाला बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, पाणी उडी मारतंया. तुमी बी मारनार हुता का?"

तेव्हापासून माझी सवय एकच. वाट हरवली की खाली नाही, वर. शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथे परत जायचं. तिथून सोंड, म्हणजे डोंगराची उतरत जाणारी धार, धरायची, कारण माणसांच्या आणि गुरांच्या वाटा सोंडेनंच जातात. सोंडेवरून गाव दिसतं, कधी मोबाईलची रेंजही येते. उलटं वर चढायचा कंटाळा येतो, माहीत आहे. नवख्यांना तर जास्तच येतो. घळीत रात्र काढण्यापेक्षा तो बरा.

घड्याळाने दिशा काढणे

तासकाटा सूर्याकडे धरा, तो आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण. ही युक्ती प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक व्हिडिओत. ती युरोपात चालते, कारण तिथे भर दुपारी सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. सातारा साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. शिवाय आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे इथली खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते.

मेमध्ये कमळगडाच्या माथ्याखालच्या झाडीत एका ग्रुपला मी दुपारी दीडला हाच खेळ करताना पाहिलं. ढोरवाटा तिथे इतक्या फुटतात की नांदगणेची कुठली आणि वासोळ्याची कुठली, यावर जुनी मंडळीही क्षणभर थांबतात. त्या वेळी सूर्य जवळपास सरळ पश्चिमेला कलला होता, आणि घड्याळ त्याच्या जेमतेम वीस-बावीस अंश अलीकडे दक्षिण दाखवत होतं. म्हणजे जवळजवळ सत्तर अंशांची चूक. "उत्तर" म्हणून ते ज्या दिशेला निघाले ती पूर्वेच्या जास्त जवळ होती. सांगून पाहिलं. त्यातल्या एकाने मला पुस्तकातलं पान दाखवलं! तासाभराने घामाघूम होऊन परत आले आणि मुकाट्याने माझ्यामागून चालू लागले.

दीड-दोनशे रुपयांचं होकायंत्र घ्या. ध्रुवताऱ्यावरही फार भिस्त ठेवू नका. तो आपल्याकडे क्षितिजाच्या वर जेमतेम सतरा-अठरा अंश असतो, खोऱ्यात उभे असाल तर डोंगराआडच राहतो. आणि शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूला वाढतं म्हणे. जुलैत कासच्या वाटेवर या, बूट, दगड आणि झाड तिन्हींवर चहूबाजूंनी दाखवतो.

खाण्याच्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करणे

फास कसे लावावेत, कोणती मुळं खावीत, ही पानं सगळ्यांना पाठ. पण चांगलं पुस्तक सुरुवातीलाच सांगून टाकतं की खराब हवेत आडोशाशिवाय माणूस तीन तास काढेल, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे. मोजमाप ढोबळ आहे, पण क्रम बरोबर. आपल्या डोंगरात हरवलेला माणूस बहुधा एका दिवसात सापडतो. एक दिवस उपाशी राहिलं तर काय होतं? एकादशीला आजी राहतेच की. शिवाय कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे सशासाठी फास लावलात तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वनखातं तुम्हाला नक्की शोधून काढेल, एवढाच त्याचा उपयोग.

अनोळखी वनस्पती चाखून बघायची पद्धतही पुस्तकात असते. ती नीट पाळली तर दिवसभर लागतो आणि अळिंब्यांना ती मुळीच लागू नाही. दशम्या घेऊन निघा.

थंडीचं प्रकरण सोडून देणे

बर्फाच्या गुहेवर मी हसलो खरा, पण थंडीची पानं गाळू नका. जुलैत जीन्स घालून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळी सपाटीवर, भिजलेला आणि वाऱ्यात उभा राहिलेला माणूस गारठायला बर्फ लागत नाही. बोलणं अडखळायला लागलं, बटणं लावता येईनात, की ट्रेक तिथेच संपवा. माझ्या सॅकच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला एक लोकरीचा स्वेटर बाराही महिने असतो. ग्रुपमध्ये त्यावरून चेष्टा होते. आजवर तो चौघांनी घालून झालाय, मी एकदाही नाही.

जुनी आवृत्ती आणि साप

रद्दीतल्या जुन्या पुस्तकात सर्पदंशाला चिरा द्या, विष चोखा, घट्ट आवळून बांधा असं असेल तर ते पान फाडून टाका. यातलं काहीही करायचं नाही. माणसाला निजवा, अंगठी-कडं-घड्याळ काढा, दंश झालेला हातपाय काठी लावून हलणार नाही असा ठेवा, 108 ला फोन लावा आणि रुग्णालय गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, फोटोसाठी त्याच्यामागे जायची तर त्याहून नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर असते. झाडीतला हिरवा चापडा त्यात येत नाही, तरीही रुग्णालयातच जायचं. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

बाकी किरकोळ, पण दर ट्रेकला दिसणाऱ्या:

पुस्तक फक्त मोबाईलमध्ये ठेवणे. बॅटरी संपली की पुस्तकही संपलं. मी कामाची दोन पानं झेरॉक्स करून लॅमिनेट केलीत.

धुराने माश्या पळतात म्हणून गडावर शेकोटी. कड्याला आग्या माश्यांची पोळी असतात, धूर लागला की त्या तुमच्याकडेच येतात. अत्तर-स्प्रेही घरी ठेवा.

कास पठारावर आग पेटवायचा सराव. 2012 पासून ते जागतिक वारशात आहे. आणि हिवाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगी लागली की वणवा. सराव परसात करा, ओल्या लाकडावर करा, मग कळेल आग पेटवायचं पान किती खोटं बोलतं.

गडावरचं टाकं पुस्तकात नसतं. कोणत्या टाक्याचं पाणी पिण्याचं आणि ते कधी आटतं, हे पायथ्याच्या गावात विचारूनच वर चढा.

शिट्टी सॅकच्या आत ठेवणे. ती गळ्यात हवी. तीन वेळा वाजवा, थांबा, ऐका, परत तीन.

माझं पुस्तक मी जूनमध्ये वाचतो, बाहेर धो-धो चालू असताना, हातात पेन्सिल घेऊन. जे इथे लागू नाही त्याच्या समासात "आपल्याकडे नाही" असं लिहितो. पाणी धरून खाली जाण्याच्या पानावर मी तेवढंच लिहिलं होतं. त्या रात्रीच्या पुस्तकवाल्याने ते मागे वाचायला नेलं. परत आलं तेव्हा खाली त्याच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "मामांना विचारा."